तिसरं कडवं

कोर्नेल आमच्यात आला त्याला चौदा वर्षं झाली,
तरी अजून त्याला नवाच म्हणतात.
एकेचाळिशीचा नवा. गुडघ्याला पट्टा बांधणारा नवा.
आम्ही पहिली कॅसेट काढली तेव्हा हा सहा वर्षांचा,
दुधाचे दात पडत होते.

ती कॅसेट बितॉमच्या खाणीवरल्या न्हाणीघरात भरली.
छताला साखळ्या, साखळ्यांना आकडे,
आकड्यांना खाली उतरलेल्या पाळीचे कपडे,
आत माणूस नसलेले,
आमच्याकडे वरून बघत.
रात्री दहाला रखवालदार वीज तोडायचा,
म्हणून शेवटची तिन्ही गाणी इतकी सुसाट.
लोक त्याला संताप म्हणाले.
घड्याळ होतं ते, दुसरं काही नाही.

आता स्टुडिओ पांढरा. कॉफी फुकट.
कानात यंत्राची टिकटिक, मिनिटाला दोनशे आठ,
आणि साठीला टेकलेला, डाव्या कानाने अर्धा बहिरा मी
तिच्या मागे मागे,
सावत्र आईमागून बाजारात चालल्यासारखा.

बोझिदार गिटार ठेवून घरी गेला
आणि कुत्र्याची साखळी घेऊन आला,
कारण जुन्या गाण्यात मागे काहीतरी किणकिणतं,
त्याशिवाय ते त्याला उघडं वाटतं.
माइकसमोर साखळी हलवताना तो इतका गंभीर होता
की कुणी हसलं नाही.
कुत्रं मात्र दाराशी येऊन बसलं, फिरायला जायचं म्हणून.

अडलं ते तिसऱ्या कडव्यात.
तिथे गेनेक काय म्हणतो, कुणालाच ठाऊक नाही.
एक कागद होता, त्यात कुणीतरी सॉसेज गुंडाळून नेलं.
कोर्नेल आला तेव्हापासून तिथे "रक्त" म्हणतो.
चिलीत पाच हजार माणसं मुठी उगारून तेच ओरडली,
आमच्या भाषेत,
आणि एका पोरीच्या दंडावर ते गोंदलेलं मी स्वतः पाहिलं.
पण आता कायमचं राहणार, तर कोर्नेल म्हणाला,
त्याला विचारू.

फोन स्पीकरवर टाकला.
आधी कबुतरं ऐकू आली, मग गेनेक.
घशाचं ऑपरेशन झाल्यापासून
खडीवरून फावडं ओढावं तसं बोलतो.
"तिसरं कडवं? तिथे शब्द नाही रे.
खोकला आला होता मला. पाळीवरून थेट आलो होतो.
पुन्हा घ्यायला टेप नव्हती."
मग हसला, आणि हसता हसता परत तेच झालं,
पस्तीस वर्षांनी, जसंच्या तसं, त्याच पट्टीत.

कोर्नेल काही बोलला नाही.
तो शाळकरी मुलांना पोहायला शिकवतो; फुप्फुसं लख्ख.
चौदा वर्षं एका माणसाचा खोकला
त्याने डोळे मिटून, जीव तोडून गायला होता.
"तुझंच ठेव," गेनेक म्हणाला, "तुझं चांगलंय.
आणि ऐक, दुसऱ्या ओळीनंतर श्वास घे.
मी घ्यायचो नाही. मूर्ख होतो."
मागे पंख फडफडले. पाखरं परतायची वेळ असावी,
फोन त्याने मध्येच ठेवला.

पहिल्या टेकला कोर्नेल तिथे गप्प राहिला.
दुसऱ्याला खोकला, तो इतका खोटा
की त्याने स्वतःच हात वर केला.
मग बराच वेळ पाणी पीत बसला.
आम्ही काही सुचवलं नाही.
अशा वेळी ड्रमवाल्याने काय सुचवायचं?

रात्री, सातव्यांदा,
दुसऱ्या ओळीनंतर त्याने श्वास घेतला,
मोठा, ऐकू येण्याइतका,
आणि "रक्त" म्हणाला.
मी तिथे टिकटिकीच्या किंचित पुढे गेलो.
यंत्रावरची मुलगी म्हणाली, सरळ करता येईल,
दोन मिनिटांचं काम.
म्हटलं, कर.
मग जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. म्हटलं, राहू दे.
का, तिने विचारलं.
मी भिंतीवर पाहिलं.
दहाला पाच कमी होती.